टू-एचजीच्या शोधात: ग्लायोमा स्पेक्ट्रोस्कोपी प्रकल्पाच्या नोंदी

१० जून २०२४

प्रकल्प आजपासून सुरू. तीन टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक) एमआरआय मशीनवर रोजची लिस्ट संपल्यावर उरणारा संध्याकाळचा वेळ मिळाला आहे. मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयात याहून जास्त मागणं बरं नव्हे. प्रश्न असा: मेंदूतल्या ग्लायोमा गाठीत टू-हायड्रॉक्सिग्लुटारेट (यापुढे टू-एचजी) साठलं आहे का, हे कवटी न उघडता, याच मशीनवर, भरवशानं सांगता येईल का?

मागाहून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पार्श्वभूमी एकदाच लिहून ठेवते. आयसोसायट्रेट डिहायड्रोजिनेज (आयडीएच) हे एन्झाइम पेशीत आयसोसायट्रेटपासून अल्फा-कीटोग्लुटारेट बनवतं. २००८ मध्ये ग्लायोब्लास्टोमाची (ग्लायोमाचा सर्वात आक्रमक प्रकार) जनुकं चाळताना आयडीएच१ या जनुकात एक ठरावीक बदल सापडला. प्रथिनातल्या १३२व्या जागेवरचं आर्जिनिन गेलेलं आणि बहुतेक वेळा तिथं हिस्टिडिन आलेलं. पुढच्याच वर्षी कळलं की बदललेलं एन्झाइम एक नवं काम करायला लागतं: अल्फा-कीटोग्लुटारेट घेऊन त्याचं टू-एचजी बनवतं. रेणूची ठेवण मूळ पदार्थासारखीच असल्यामुळे ते इतर एन्झाइमांच्या जागा अडवून बसतं. डीएनएवरचे मिथाइल गट उतरवणारी एन्झाइमं त्यातच येतात, म्हणून या गाठींच्या डीएनएवर मिथाइल गटांची गर्दी होते.

निरोगी मेंदूत टू-एचजी नसल्यात जमा. अशा गाठीत मात्र ते काही मिलिमोलरपर्यंत (संहतीचं एकक) चढतं. प्रोटॉन स्पेक्ट्रोस्कोपीला (एमआरआय मशीनवरच हायड्रोजनच्या सिग्नलवरून आतले पदार्थ ओळखायची पद्धत) साधारण एक मिलिमोलरच्या आसपासचे पदार्थ दिसू लागतात, म्हणजे हे आपल्या टप्प्यात आहे. मला या विषयानं धरून ठेवलं ते इथंच. गाठीत कोलिन (पेशींच्या आवरणाचा घटक) वाढतं, एनएए (निरोगी चेतापेशींची खूण) उतरतं, हे आपण वर्षानुवर्षं बघतो. पण ते कमी-जास्तीचे खेळ, आणि अनेक आजारांत दिसणारे. टू-एचजी मात्र जनुकातल्या त्या एका बदलाची थेट खूण आहे. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात गाठीचं नावच आयडीएच बदल आहे की नाही यावर ठरतं. पुढचे उपचार आणि किती वर्षांची आशा धरायची, तेही बरंचसं त्यावरच.

१३ जून

गटाच्या बैठकीत एका विद्यार्थ्यानं विचारलं, चयापचयच बघायचं तर पीईटी (किरणोत्सारी ग्लुकोज देऊन काढायचं चित्र) का नको? प्रश्न रास्त आहे. ओटो वारबुर्गनं १९२० च्या दशकात दाखवलं की गाठीच्या पेशी प्राणवायू असतानाही ग्लुकोजचं लॅक्टेट करतात. ग्लुकोजची ही हाव पीईटीत उजळून दिसते. पण मेंदूचा करडा भाग स्वतःच ग्लुकोजचा मोठा गिऱ्हाईक, त्या उजेडात संथ वाढणारा ग्लायोमा हरवतो. शिवाय पीईटी सांगते ग्लुकोज कुठं गेलं ते; त्याचं पुढं काय झालं ते नाही.

ते ‘पुढं काय’ बघायची सर्वात देखणी पद्धत म्हणजे कार्बन-१३ लावलेलं पायरुव्हेट. ते जवळजवळ एक केल्विनपर्यंत थंड करून, मायक्रोवेव्ह देऊन त्याचं ध्रुवीकरण (अणुकेंद्रांचं एकाच दिशेला वळणं) वाढवतात. सिग्नल दहा हजार पटींहून जास्त वाढतो. मग झटकन विरघळवून शिरेतून द्यायचं आणि पायरुव्हेटचं लॅक्टेट होताना मिनिटभरात टिपायचं, कारण तोवर ध्रुवीकरण उतरलेलं असतं. प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांवरचा पहिला अभ्यास सॅन फ्रान्सिस्कोहून २०१३ मध्ये आला. वाचताना आजही अंगावर काटा येतो. पण त्याला हे ध्रुवीकरण करणारं यंत्र, पोलरायझर, लागतो, शेजारी निर्जंतुक औषध तयार करायची सोय लागते. आम्हाला प्रोटॉनवरच भागवायचं आहे, आणि त्याचा मला विषाद नाही: जे प्रोटॉनवर जमेल ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या तीन टेस्लाच्या मशीनवरही उद्या नेता येईल.

१९ जून

फँटम, म्हणजे रुग्णाऐवजी स्कॅन करायची ठरावीक द्रावणं, बनवले. गोल बुडाचे तीन फ्लास्क. पहिल्यात क्रिएटिन आणि टू-एचजी. दुसऱ्यात मेंदूतले नेहमीचे: एनएए, क्रिएटिन, कोलिन, ग्लुटामेट, ग्लुटामिन, गाबा, मायो-इनोसिटॉल, टू-एचजी मुद्दाम वगळलेलं. तिसऱ्यात दुसऱ्यातलं सगळं अधिक ५ मिलिमोलर टू-एचजी.

करताना पाळायच्या गोष्टी. फॉस्फेट बफर, पीएच ७.२, आणि शेवटी पुन्हा मोजायचा. पीएच हलला की पीकच्या (स्पेक्ट्रममधल्या उंचवट्यांच्या) जागा हलतात, शिवाय आम्लात टू-एचजी स्वतःच वळून लॅक्टोन होतं, मग शोधत बसा. बुरशी धरू नये म्हणून किंचित सोडियम अझाइड. ते विषारी आहे आणि आम्लाशी गाठ पडली की घातक वायू सोडतं, म्हणून पीएच आधी, अझाइड नंतर. फ्लास्क गळ्यापर्यंत भरायचा. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी त्याच्या कडेला चुंबकीय क्षेत्र वाकडं होतं आणि शिमिंगची (क्षेत्र सगळीकडे सारखं करण्याची) वाट लागते.

टू-एचजीची पावडर महाग आहे. कुपीवर नाव लिहून डेसिकेटरमध्ये ठेवली आहे. कृपया मला विचारल्याशिवाय उघडू नये.

२ जुलै

फँटमचं स्कॅनिंग. आज फार शिकायला मिळालं.

आधी नेहमीचा छोटा एको टाइम (रेडिओ लहर दिल्यापासून सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ), ३० मिलिसेकंद. दुसरा आणि तिसरा फ्लास्क शेजारी शेजारी ठेवून पाहिले: २ ते २.५ पीपीएममध्ये (पीपीएम हे स्पेक्ट्रमच्या पट्टीवरचं माप) दोन्हीकडे एकच टेकाड. ५ मिलिमोलर टू-एचजी घातलंय हे माहीत असूनही डोळ्यांना फरक कळेना. कारण उघड आहे. टू-एचजीचे चौथ्या कार्बनवरचे प्रोटॉन २.२५ च्या आसपास, ग्लुटामेट २.३५ ला, गाबा २.२८ ला, ग्लुटामिन थोडं पुढं. तीन टेस्लावर ही सगळी मंडळी एकमेकांच्या अंगावर पडतात.

मग ९७ मिलिसेकंद, पहिला भाग ३२ आणि दुसरा ६५. ही जोडी डॅलसच्या गटानं २०१२ मध्ये मांडली. प्रोटॉन एकमेकांशी जोडलेले असतात आणि एको टाइमप्रमाणे त्यांच्या पीकचा आकार पालटत जातो. या नेमक्या जोडीला टू-एचजीचं पसरलेलं रूप आवरून २.२५ ला एकच अरुंद पीक उभं राहतं आणि शेजाऱ्यांचा तिथला सिग्नल दबतो. तिसऱ्या फ्लास्कमध्ये ते पीक उभं राहिलं. दुसऱ्यात त्या जागी सपाट. टेक्निशियन दादांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, “हेच का ते?” हेच ते.

तापमानाचा मुद्दा ठळक लिहून ठेवते. पाण्याचं पीक दर अंशाला सुमारे ०.०१ पीपीएम सरकतं. स्कॅनर रूममधला फ्लास्क २२ अंशांवर, शरीर ३७ वर, म्हणजे ०.१५ पीपीएमचा फरक. सॉफ्टवेअर पाण्याची जागा शरीराच्या तापमानाची धरून पट्टी लावतं, आणि मग थंड फ्लास्कमधलं २.३५ चं ग्लुटामेट २.२० ला दिसतं. टू-एचजी नसलेल्या फ्लास्कमध्ये टू-एचजीच्या दारात पीक! त्यामुळे पट्टी कायम क्रिएटिनच्या ३.०३ ला लावायची, आणि पुढच्या वेळेपासून फ्लास्क ३७ अंशांच्या पाण्यात ठेवून, गुंडाळून आणायचे.

११ जुलै

बेसिस सेट, म्हणजे फिटिंगसाठी लागणारे एकेका पदार्थाचे नमुना-स्पेक्ट्रम, तयार. प्रत्येक पदार्थाचा स्पेक्ट्रम गणितानं काढला आहे, मशीनवरच्या पल्सचे (रेडिओ लहरींच्या छोट्या स्पंदांचे) खरे आकार घालून. आदर्श पल्स धरल्या तर ९७ मिलिसेकंदला टू-एचजीचा आकार वेगळा येतो, तो वापरू नये. पहिल्या फ्लास्कशी ताडून पाहिलं, जुळतंय.

२५ जुलै

नैतिक समितीची बैठक. समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी थेट विचारलं, “शस्त्रक्रियेआधी तुमच्या यंत्रानं काही सांगितलं, तर ते पेशंटला सांगणार का?”

यावर आमच्याकडे आधी बरीच चर्चा झाली होती. न्यूरोसर्जन सरांचं म्हणणं, आकडा असेल तर मला द्या, मी किती कडेपर्यंत गाठ काढायची याचा विचार त्यानुसार करीन. रेडिओलॉजीच्या मॅडम ठामपणे नाही म्हणाल्या, आणि मी त्यांच्या बाजूची आहे. पद्धत इथं पडताळून झालेली नाही. तिच्यावर विसंबून कुणी गाठीचा तुकडा मागं ठेवला किंवा जास्त काढला, तर त्याची किंमत रुग्ण मोजणार. ठरलं असं: स्पेक्ट्रमचं वाचन मी लिहून, तारीख घालून, लिफाफ्यात बंद करीन. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट अंतिम झाल्यावरच लिफाफा उघडायचा. रुग्णाच्या फाइलमध्ये काही जाणार नाही, आणि संमतीपत्रात हे साध्या मराठीत, हिंदीत लिहिलेलं असेल.

समितीनं एक अट वाढवली. संशोधनाचा भाग वीस मिनिटांपेक्षा जास्त नको, रुग्ण आधीच तपासणीला कंटाळलेला असतो. अट योग्य आहे.

८ ऑगस्ट

परवा, ६ तारखेला, अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएनं व्होरासिडेनिबला मान्यता दिली. शस्त्रक्रियेनंतरच्या, आयडीएच बदल असलेल्या दुसऱ्या श्रेणीच्या अ‍ॅस्ट्रोसायटोमा आणि ऑलिगोडेंड्रोग्लिओमा या ग्लायोमाच्याच दोन प्रकारांसाठी, वय १२ पासून पुढे. हे औषध बदललेल्या एन्झाइमलाच अडवतं आणि मेंदूत पोचतं. गेल्या वर्षीच्या चाचणीत आजार न वाढता गेलेला काळ औषधावर २७.७ महिने, औषधाविना ११.१ होता.

आपल्या कामाचा अर्थ यानं बदलतो. आजवर प्रश्न ‘बदल आहे का’ इतकाच होता, आणि त्याचं उत्तर शेवटी गाठीच्या तुकड्यातून मिळतंच. आता एक असा प्रश्न आला ज्याला तुकडा पुरत नाही: औषध सुरू केल्यावर गाठीतलं टू-एचजी खरोखर उतरतंय का? दर तीन महिन्यांनी कुणाची कवटी उघडणार? स्पेक्ट्रोस्कोपीची खरी जागा ही आहे.

२० ऑगस्ट

पहिला रुग्ण. तिशीतला माणूस, आधी कधी काही नाही, एकदम झटका आला म्हणून तपासणी झाली. सोबत बायको. लिस्ट लांबल्यामुळे आमची पाळी रात्री आली, पण दोघं शांतपणे बसून होते. मामांनी नेहमीच्या शिस्तीनं सगळं तपासलं: हातातलं तांब्याचं कडं, कमरेचा करदोटा, दंडावरचा ताईत. ताईतावर तो थोडा अडला. आत धातूचा पत्रा असतो, म्हणून काढावाच लागतो. बायकोनं तो ओंजळीत घेतला आणि म्हणाली, माझ्याकडे आहे, तुमच्याकडेच आहे असं समजा. मग तो निश्चिंतपणे आडवा झाला.

क्रम ठरवलेला: लोकलायझर (जागा ठरवणारं झटपट चित्र), फ्लेअर (द्रवाचा सिग्नल दाबणारं चित्र), रक्तस्राव आणि कॅल्शियम दाखवणारी सीक्वेन्स, मग लगेच स्पेक्ट्रोस्कोपी, डिफ्यूजन (पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारं चित्र) त्यानंतर, कॉन्ट्रास्ट सर्वात शेवटी. डिफ्यूजनमध्ये ग्रेडियंट (क्षेत्र बदलणारी वेटोळी) जोरात चालतात, मशीनमधलं लोखंड तापतं आणि नंतर बराच वेळ मुख्य क्षेत्र सरकत राहतं. ते सरकणं साध्या चित्रात कळत नाही, स्पेक्ट्रममध्ये पीक फासटतं.

गाठ टी-टूवर (पाणी उजळ दाखवणारं चित्र) सगळीकडे सारखी पांढरी, फ्लेअरवर आतून काळवंडलेली आणि कडेला उजळ कडं. मॅडम म्हणाल्या, “ही खूण आयडीएच बदल असलेल्या अ‍ॅस्ट्रोसायटोमाचीच.” मी कानावर हात ठेवले नाहीत, पण माझं वाचन स्पेक्ट्रमवरूनच व्हायला हवं. म्हणून पुढच्या रुग्णापासून व्हॉक्सेल (ज्या ठोकळ्यातून सिग्नल घ्यायचा तो भाग) मॅडम ठेवतील आणि मला फक्त आकड्यांची फाइल मिळेल.

व्हॉक्सेल दोन सेंटिमीटरचा घन, म्हणजे ८ मिलिलिटर, सगळा गाठीच्या आत. शिमिंग छान झालं. १९२ वेळा, दोन-दोन सेकंदांच्या अंतरानं: साडेसहा मिनिटांच्या आत काम संपलं. शेवटी पाणी न दाबता एक छोटी नोंद, संहती काढण्यासाठी.

कोलिन उंच, एनएए खाली, आणि २.२५ ला एक पीक. बेसिसमधून टू-एचजी काढून पुन्हा फिट केलं तर नेमकं तिथंच शिल्लक उभी राहते. घातलं की शिल्लक सपाट. लिफाफ्यात लिहिलं: आहे.

३ सप्टेंबर

आजचा स्पेक्ट्रम वाचता येण्यासारखा नाही. गाठ कपाळाच्या मागं, अगदी खाली, नाकाजवळच्या हवेच्या पोकळ्यांना लागून. तिथं हवा आणि मेंदू यांच्या सीमेवर क्षेत्र इतकं वाकतं की पाण्याचं पीक आवरत नाही. वर कवटीच्या चरबीचा सिग्नल १.३ पासून पसरत वर आलेला.

फिटिंगनं तरीही टू-एचजीचा आकडा दिला. सॉफ्टवेअर आकडा नेहमीच देतं. म्हणून नियम: कुठल्याही तक्त्यात आकड्याशेजारी स्पेक्ट्रमचं चित्र असलंच पाहिजे, आणि वाचता न येणारा स्पेक्ट्रम ‘नाही’ या रकान्यात जाणार नाही. त्याला वेगळा रकाना. आजच्या लिफाफ्यात लिहिलं: वाचता येत नाही.

याच्याच जोडीला त्रुटीच्या टक्क्यांचा मुद्दा. २० टक्क्यांपेक्षा जास्त अनिश्चितता असेल तर आकडा टाकून द्यायचा अशी सवय सगळीकडे आहे. पण पदार्थ मुळात कमी असेल तर टक्क्यांत अनिश्चितता मोठीच येणार. अशानं आपण कमी टू-एचजीच्या गाठी निवडून बाहेर काढतो, आणि उरलेल्यांवरून पद्धत फार अचूक आहे असं म्हणतो. आपण अनिश्चितता मिलिमोलरमध्येच लिहू, टक्क्यांत नाही.

१७ सप्टेंबर

एडिटिंग पद्धत फँटमवर चालवली. १.९ पीपीएमला एक निवडक पल्स एकदा लावायची, एकदा नाही, आणि दोन्ही स्पेक्ट्रमची वजाबाकी करायची. टू-एचजीचा ४.०२ चा प्रोटॉन १.९ वाल्यांशी जोडलेला, म्हणून तो वजाबाकीत उरतो, ज्यांचा १.९ शी संबंध नाही ते निघून जातात. ग्लुटामेट, गाबाचा गुंता तिथं नाही, हे मोठं सुख. पण ४.०२ पाण्याच्या जवळ, आणि शेजारी ३.९ ला क्रिएटिन. रुग्णाचं डोकं किंचित हललं किंवा क्षेत्र सरकलं तर क्रिएटिन नीट वजा होत नाही आणि त्याची शेपटी टू-एचजीसारखी दिसते.

आणखी एक. तीन टेस्लावर एक पीपीएम म्हणजे साधारण १२८ हर्ट्झ. आपल्या रिफोकसिंग पल्सची बँडविड्थ (ती पेलते तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा) १,२०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे दर पीपीएमला व्हॉक्सेल दहा टक्क्यांनी सरकतो. २.२५ आणि ४.०२ चे प्रोटॉन एकाच रेणूचे असले तरी दोन सेंटिमीटरच्या व्हॉक्सेलमध्ये जवळजवळ चार मिलिमीटर अंतरावरून येतात. गाठीच्या कडेला हे चालणार नाही. अ‍ॅडियाबॅटिक पल्सची सीक्वेन्स मिळवायला हवी, तिच्यात हे सरकणं कमी असतं. मॅडमनी अर्ज केला आहे.

वीस मिनिटांची अट पाहता प्रत्येक रुग्णाला दोन्ही पद्धती शक्य नाहीत. ९७ मिलिसेकंद मुख्य, वेळ उरला तर एडिटिंग.

२२ ऑक्टोबर

पॅथॉलॉजीचे रिपोर्ट आले, काही लिफाफे उघडले. पहिल्या रुग्णाचं जुळलं. दोघांत आम्ही ‘नाही’ लिहिलं होतं, पॅथॉलॉजीतही बदल नाही.

एक जुळलं नाही. गाठ लहान, व्हॉक्सेलचा निम्म्याहून जास्त भाग आजूबाजूच्या मेंदूचा. आम्ही लिहिलं होतं ‘दिसत नाही’, पॅथॉलॉजी म्हणते बदल आहे. सरांनी विचारलं, “म्हणजे चुकलात ना?” मी त्यांना गणित करून दाखवलं. गाठीत तीन मिलिमोलर असेल आणि व्हॉक्सेलचा तिसरा हिस्साच गाठीचा, तर हाती एक येतं, आणि तेवढं या स्पेक्ट्रमच्या गोंगाटातच बुडून जातं. व्हॉक्सेल लहान करावा तर सिग्नल आकारमानासोबत उतरतो. निम्म्या आकाराच्या व्हॉक्सेलला तोच दर्जा हवा असेल तर चौपट वेळ. ही पद्धतीची हद्द आहे आणि ती रिपोर्टमध्ये छापायला हवी. यापुढे प्रत्येक वाचनासोबत ‘किमान इतकं असतं तर दिसलं असतं’ हा आकडा लिहायचा. तो आकडा मोठा असेल तर आमच्या ‘दिसत नाही’वरून कुणीही गाठीत बदल नाही असं समजू नये. सरांना हे पटलं, आणि त्यांनीच सुचवलं की तो आकडा वाचनाच्या वर, ठळक अक्षरात असावा.

२६ नोव्हेंबर

आज उघडलेल्या लिफाफ्यानं सगळ्यांना बसतं केलं. आम्ही लिहिलं होतं ‘आहे’, स्पेक्ट्रम स्वच्छ, एडिटिंगमध्येही ४.०२ ला पीक. पॅथॉलॉजी: अँटिबॉडी तपासणी निगेटिव्ह.

दोन शक्यता. एक, आमचं पीक खोटं. गाबाला बेसिसमधून काढून, पार्श्वरेषा सैल-घट्ट करून सगळ्या बाजूंनी तपासलं. टू-एचजी जागचं हलत नाही. दुसरी शक्यता पॅथॉलॉजीच्या मॅडमनी स्वतःच सांगितली. ती अँटिबॉडी फक्त आर्जिनिनच्या जागी हिस्टिडिन आलेला बदल ओळखते. बहुसंख्य रुग्णांत तोच असतो, पण सगळ्यांत नाही. त्याच जागी दुसरं अमिनो आम्ल आलं, किंवा बदल आयडीएच२ मध्ये असला, तर अँटिबॉडी गप्प राहते, टू-एचजी मात्र तयार होतंच. रुग्ण ५५ पेक्षा तरुण आहे, त्यामुळे सिक्वेन्सिंग तसंही करायचंच होतं. नमुना गेला आहे.

१७ डिसेंबर

सिक्वेन्सिंग आलं. १३२व्या जागेवर आर्जिनिनऐवजी सिस्टीन. अँटिबॉडीला न दिसणारा बदल, आणि स्पेक्ट्रममध्ये त्याचं रसायन.

निकाल आमच्यामुळे लागला असं नाही; सिक्वेन्सिंग नियमाप्रमाणे झालंच असतं. पण सिक्वेन्सिंगपर्यंत नमुना पोचत नाही अशी कितीतरी ठिकाणं आहेत. अँटिबॉडी निगेटिव्ह आली की तिथं फाइल बंद होते. अशा ठिकाणी स्वच्छ स्पेक्ट्रममधलं २.२५ चं पीक एवढंच म्हणालं की ‘थांबा, आणखी तपासा’, तरी तरुण रुग्णासाठी ते फार मोठं आहे. माझ्या मते या प्रकल्पातून पहिलं काही छापायचं असेल तर ते हे, एका रुग्णाचा अहवाल म्हणून, सगळ्या स्पेक्ट्रमसकट.

७ जानेवारी २०२५

पुढच्या टप्प्याचा मसुदा. औषध घेणाऱ्या रुग्णांचा पाठपुरावा करायचा तर आधी एक काम राहिलं आहे. टू-एचजी उतरलं असं म्हणण्यापूर्वी, औषध नसताना हा आकडा आपोआप किती हलतो ते मोजलेलं हवं. म्हणजे त्याच रुग्णाचं स्कॅन, त्याला टेबलावरून उठवायचं, पाणी द्यायचं, पुन्हा झोपवून व्हॉक्सेल नव्यानं ठेवायचा, पुन्हा स्कॅन. शस्त्रक्रिया झालेल्यांत काढलेल्या जागेची पोकळी आणि साकळलेलं रक्त शिमिंगला त्रास देणार. म्हणून उरलेली गाठ मोठी आहे आणि पोकळीपासून दूर आहे असेच रुग्ण सुरुवातीला.

दोनदा झोपवायचं म्हणजे वीस मिनिटांची अट मोडते. दोन फेऱ्यांत विश्रांती, आणि दुसऱ्या फेरीला रुग्ण कधीही नाही म्हणू शकतो, असं संमतीपत्रात घालून अर्ज आज समितीकडे दिला.